सी मध्ये स्ट्रिंग कंपेअर करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या कॉलेजांमधली आपली मुलं-मुली सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला लागली की स्ट्रिंगपाशी हमखास अडकतात, मग रात्री उशिरा कोडचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ, "हे मॅच का होत नाहीये?" त्यातले जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केलेत. फंक्शनची नावं आपण लॅबमध्ये बोलतो तशीच लिहिलीत, स्ट्रकंप म्हणजे एस-टी-आर-सी-एम-पी, बाकीची त्याच चालीवर. अंक इथे देवनागरीत आहेत पण प्रोग्राममध्ये इंग्रजीच टाइप करायचे, का ते प्रश्न १२ मध्ये येईल.

१. दोन्ही स्ट्रिंग प्रिंट केल्या तर सेम दिसतात, मग == लावलं की "नाही" का येतं?

कारण सी मध्ये स्ट्रिंग नावाचा वेगळा टाइपच नाहीये. मेमरीत एकापुढे एक ठेवलेले बाइट आणि सगळ्यात शेवटी शून्य किमतीचा एक बाइट, ज्याला आपण नल कॅरेक्टर म्हणतो, एवढंच काय ते. तुमच्या व्हेरिएबलच्या नावातून हाती येतो तो फक्त पहिल्या बाइटचा अ‍ॅड्रेस, आणि == हे दोन अ‍ॅड्रेस जुळतात का तेवढंच बघतं. सुदामानगरातल्या दोन घरांत सामान अगदी एकसारखं असलं तरी पत्ते वेगळेच राहणार, तसंच हे. आत काय आहे ते बघायचं तर एकेक बाइट तपासावा लागतो आणि ते काम स्ट्रकंप करतं. स्ट्रिंग-डॉट-एच इन्क्लूड करा आणि स्ट्रकंप(पहिली, दुसरी) == ० असं लिहा.

२. पण माझ्या लॅपटॉपवर == नी बरोबर उत्तर येतंय की! मग चुकीचं कसं?

येतंय ते योगायोगानं. कोडमध्ये दोन जागी "राजवाडा" असं अवतरणात लिहिलं असेल तर कंपायलर जागा वाचवायला दोन्हींसाठी मेमरीत एकच कॉपी ठेवू शकतो, मग अ‍ॅड्रेस एकच आणि == खूश. ठेवायलाच पाहिजे असं स्टँडर्ड (म्हणजे सी भाषेचे अधिकृत नियम) म्हणत नाही, ठेवू नये असंही म्हणत नाही. तोच "राजवाडा" युजरनी कीबोर्डवरून टाइप केला की तो वेगळ्या अ‍ॅरेमध्ये जाऊन बसतो आणि प्रोग्राम नाही म्हणतो, म्हणजे टेस्ट करताना सगळं चाललं आणि व्हायव्हाच्या वेळी सरांनी स्वतः नाव टाइप केलं की फेल. जीसीसी कंपायलरला सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगा (डॅश, कॅपिटल डब्ल्यू, ऑल), तो अशा ओळीवर बोट ठेवतो. वॉर्निंग बंद ठेवून सी शिकू नका, मनापासून सांगतोय.

३. सेम असल्यावर स्ट्रकंप शून्य का देतं? शून्य म्हणजे तर फॉल्स ना?

स्ट्रकंपला विचारलेला प्रश्न "सारखे आहेत का" हा नाहीच, प्रश्न आहे "क्रमानं कोण आधी". त्याची उत्तरं तीन: पहिली आधी असेल तर ऋण आकडा, दुसरी आधी असेल तर धन आकडा, दोघींत फरकच नसेल तर शून्य. म्हणून इफच्या कंसात नुसतं स्ट्रकंप लिहिलं तर ती अट स्ट्रिंग वेगळ्या असतील तेव्हा खरी होते, बरोबर उलटी. आधी नॉटचं चिन्ह लावून चालतं, बरेच लोक लिहितातही, पण मी तरी नेहमी == ० असं पूर्ण लिहा म्हणतो, महिन्याभरानी तेच कोड उघडल्यावर डोकं लावावं लागत नाही.

४. नोट्समध्ये लिहिलंय की -१, ० किंवा १ येतं, माझ्याकडे भलताच आकडा येतोय. कंपायलर बिघडलाय का?

कंपायलर ठीक आहे, नोट्स अपुऱ्या आहेत. स्टँडर्ड फक्त चिन्हाची खात्री देतं, आकड्याची नाही. काही ठिकाणी पहिल्या वेगळ्या बाइटमधला फरक मिळतो, काही ठिकाणी १ किंवा -१, आणि एकाच मशीनवर ऑप्टिमायझेशन चालू-बंद केलं तरी आकडा बदलू शकतो. म्हणून == १ किंवा == -१ असं कधीच तपासायचं नाही, शून्यापेक्षा लहान की मोठं एवढंच बघायचं.

आणि तो आकडा इंटमध्येच ठेवायचा, एका बाइटच्या व्हेरिएबलमध्ये कोंबायचा नाही. हे बारीक वाटेल पण २०१२ मध्ये मायएसक्यूएल आणि मारियाडीबी या डेटाबेसमध्ये नेमकी हीच चूक सापडली होती. पासवर्ड तपासताना मेमकंपचं (कच्चे बाइट कंपेअर करणारं फंक्शन, प्रश्न १३) उत्तर एका बाइटच्या टाइपमध्ये टाकलं जायचं, आणि काही बिल्ड्समध्ये मेमकंप असे मोठे आकडे द्यायचं की वरचे बिट कापले गेल्यावर खाली शून्य उरायचं, म्हणजेच "जुळलं". साधारण २५६ मध्ये एकदा असं व्हायचं, मग काय, कुठलाही चुकीचा पासवर्ड काहीशे वेळा ट्राय केला की आत शिरता यायचं.

५. युजर नाव अगदी बरोबर टाइप करतो तरी स्ट्रकंप कधीच शून्य देत नाही. सगळं करून बघितलं.

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच, आणि दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं. एफगेट्सनी ओळ वाचली की शेवटी दाबलेल्या एंटरचं न्यूलाइन कॅरेक्टरही स्ट्रिंगमध्ये येतं, म्हणजे तुम्ही "सराफा" ची तुलना "सराफा आणि त्यापुढे एक न्यूलाइन" याच्याशी करताय, आणि स्क्रीनवर न्यूलाइन दिसत नाही म्हणून डोळ्यांना दोन्ही सेम. शंका आली की स्ट्रिंग चौकोनी कंसात प्रिंट करा. बंद होणारा कंस खालच्या ओळीवर गेला की चोर सापडला.

उपाय एका ओळीचा आहे: स्ट्रसीस्पॅननी न्यूलाइन कितव्या जागेवर आहे ते काढायचं आणि त्या जागी नल कॅरेक्टर ठेवायचं. न्यूलाइन नसेलच तर स्ट्रसीस्पॅन शेवटच्या नलची जागा देतं, त्यामुळे काही बिघडत नाही. "शेवटचं अक्षर उडवा" असं आंधळेपणानं करणारे कोड पण बघितलेत, त्यात न्यूलाइन आलं नसेल तर खरं अक्षरच जातं.

स्कॅनएफ आणि पर्सेंट-एसनी वाचत असाल तर गडबड वेगळी, ते पहिल्या स्पेसपाशीच थांबतं, "पोहे जिलेबी" टाइप केलं तर हातात फक्त "पोहे" आणि जिलेबी पुढच्या स्कॅनएफच्या वाट्याला. आणि गेट्स वापरू नका, अ‍ॅरे केवढा आहे हे त्याला कळतच नाही, म्हणून सी११ स्टँडर्डमधून ते काढूनच टाकलंय. जुन्या टर्बो सी वर अजून चालतं म्हणून लॅबमध्ये दिसतं, तेवढंच.

६. यादीची फाइल मित्रानी विंडोजवर बनवली, माझ्या लिनक्सवर एकही नाव मॅच होत नाही. न्यूलाइन तर काढलं होतं.

विंडोजवर ओळीच्या शेवटी दोन कॅरेक्टर असतात, कॅरेज रिटर्न आणि मग न्यूलाइन. लिनक्सवर वाचताना तुम्ही न्यूलाइन काढलंत पण कॅरेज रिटर्न तिथेच राहिलं. प्रश्न ५ मधल्या स्ट्रसीस्पॅनला शोधायच्या कॅरेक्टरमध्ये दोन्ही द्या, काम झालं.

७. पिनकोडसाठी सहा घरांचा अ‍ॅरे घेतला, त्यात "४५२००१" ठेवलं, कधी मॅच होतं कधी नाही. असं कसं?

सहा अंकांना सहा घरं हा हिशेब बरोबर वाटतो पण शेवटच्या नलला सातवं घर लागतं. गंमत अशी की सी मध्ये हे कंपाइल होतं, सहा घरांच्या अ‍ॅरेला सहा अक्षरांची स्ट्रिंग दिली तर नल गुपचूप गाळला जातो, सी++ मात्र इथे एरर देतं. मग स्ट्रकंप पुढे पुढे वाचत जातं, अ‍ॅरेच्या बाहेरच्या मेमरीत योगायोगानं शून्य असेल तर मॅच, दुसरं काही असेल तर नाही, आणि "कधी कधी" चा उगम तिथे आहे. घरांची संख्या न लिहिता कंस रिकामा सोडला की कंपायलर स्वतः सात घरं घेतो.

स्ट्रएनकॉपीनं पण हेच होतं. त्याला सहा सांगितलं आणि मूळ स्ट्रिंग सहा किंवा जास्त अक्षरांची असली तर ते नल लावतच नाही, तुम्हाला हातानं लावावा लागतो.

८. स्विच-केसमध्ये स्ट्रिंग टाकता येईल का? जावामध्ये तर चालतं.

नाही. सी चं स्विच फक्त पूर्णांक घेतं. एका अक्षराचा पर्याय असेल तर ठीक, नाहीतर इफ-एल्स-इफची साखळी किंवा शब्दांचा एक अ‍ॅरे घेऊन लूपमध्ये स्ट्रकंप.

९. स्ट्रकंपवरच प्रोग्राम क्रॅश होतो, सेगमेंटेशन फॉल्ट.

बहुतेक एक पॉइंटर नल आहे. रिकामी स्ट्रिंग वेगळी, तिच्यात निदान शेवटचं शून्य तरी असतं आणि ती बिनधास्त कंपेअर होते, पण नल पॉइंटर म्हणजे वाचायला काहीच नाही. फाइल संपल्यावर एफगेट्स नल देतं, सिस्टिममध्ये ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नसलं तर गेटएन्व नल देतं, त्यामुळे आधी नल तपासा मग स्ट्रकंप. नल नसेल तरी क्रॅश होत असेल तर प्रश्न ७.

१०. फक्त सुरुवात जुळते का बघायचंय, म्हणजे पिनकोड "४५२" नी सुरू होतो का.

स्ट्रएनकंप, तिसऱ्या जागी ३. पहिले तीन बाइट जुळले की शून्य, किंवा त्याआधी नल आला तर तिथेच थांबतं.

यात एकच गोष्ट जपायची, ती तिसरी संख्या कुठून येते. ती कायम तुमच्या बाजूच्या ठरलेल्या शब्दाच्या लांबीवरून घ्या, युजरनी पाठवलेल्या स्ट्रिंगच्या लांबीवरून कधीच नाही, कारण युजरनी रिकामी स्ट्रिंग पाठवली तर लांबी शून्य, शून्य बाइट तपासले, काहीच वेगळं सापडलं नाही, उत्तर "जुळलं". २०१७ मध्ये इंटेलच्या अ‍ॅक्टिव्ह मॅनेजमेंट टेक्नॉलॉजीत असंच निघालं. ही सोय कंपन्यांमधले कंप्युटर लांबून सांभाळायला असते, आणि तिच्या लॉगिनमध्ये समोरून आलेल्या उत्तराची लांबी स्ट्रएनकंपला दिली जात होती, त्यामुळे रिकामं उत्तर पाठवलं की अ‍ॅडमिन म्हणून प्रवेश. पूर्ण स्ट्रिंग जुळायला हवी असेल तर साधं स्ट्रकंपच वापरा, "एन वालं जास्त सेफ" हे ऐकीव आहे.

११. कॅपिटल-स्मॉलचा फरक सोडून द्यायचाय, कसं?

लिनक्स आणि मॅकवर स्ट्रकेसकंप आहे, त्याची हेडर फाइल स्ट्रिंग्ज-डॉट-एच, शेवटी "ज" आहे बरं का. विंडोजवर अंडरस्कोर-स्ट्रआयकंप, टर्बो सी मध्ये बिना अंडरस्कोरचं स्ट्रआयकंप. यातलं कुठलंही सी च्या स्टँडर्डमध्ये नाही, म्हणून परीक्षेत लिहायचं तर स्वतः लूप लावून दोन्ही बाजूंना टूलोअर करा, आणि टूलोअरला देताना कॅरेक्टर आधी अनसाइन्ड करून घ्या, नाहीतर १२७ च्या वरचे बाइट ऋण होऊन जातात आणि टूलोअरला ऋण आकडा देणं चूक आहे. मराठीत कॅपिटल-स्मॉल नाहीच, तिथले त्रास वेगळे, १५ पासून पुढे बघा.

१२. रोल नंबर सॉर्ट केले तर १० हा ९ च्या आधी येतोय!

तुम्ही आकडे स्ट्रिंग म्हणून ठेवलेत. स्ट्रकंप पहिलं अक्षर पहिल्याशी लावतं, "१" चा आस्की कोड (इंग्रजी अक्षरांना आणि अंकांना दिलेला ठरलेला आकडा) ४९ आणि "९" चा ५७, लगेच निकाल लागला, पुढचं शून्य बघायची गरजच पडली नाही. सगळ्यांची लांबी सारखी असेल, जसं पिनकोड किंवा पुढे शून्यं लावून केलेले रोल नंबर, तर स्ट्रकंप चालतं. नाहीतर स्ट्रटॉलनी खरा आकडा करून घ्या आणि मग कंपेअर करा.

देवनागरी अंक टाइप केले तर मात्र स्ट्रटॉलला ते अंक वाटतच नाहीत, ते शून्य देऊन मोकळं होतं, कारण यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायची आजची नेहमीची पद्धत) देवनागरी अंक तीन बाइटचा असतो आणि आस्कीच्या ४८ ते ५७ मध्ये बसत नाही. मराठी कीबोर्ड चालू असताना युजर नकळत तेच टाइप करतो, इनपुट घेतानाच तपासून घ्या.

१३. स्ट्रकंप की मेमकंप?

मजकूर असेल तर स्ट्रकंप, कच्चे बाइट असतील तर मेमकंप. स्ट्रकंप आणि स्ट्रएनकंप दोघंही नलपाशी थांबतात आणि कच्च्या डेटात मध्येच शून्य असू शकतं. निन्टेंडोच्या वी गेम मशीनमध्ये सही तपासताना २० बाइटचा हॅश (डेटावरून काढलेला ठसा) स्ट्रएनकंपनी तुलना केला जायचा. पहिलाच बाइट दोन्हीकडे शून्य आला की तुलना तिथेच संपायची, बाकीचे १९ कोणी बघायचंच नाही, आणि लोकांनी असे हॅश जुळवून खोट्या सह्या चालवल्या.

उलट बाजूनं, पूर्ण स्ट्रक्चर मेमकंपनी कंपेअर करू नका, फील्डच्या मध्ये कंपायलरनी घातलेल्या भरावाच्या बाइटमध्ये काहीही असू शकतं, एकेक फील्ड तपासा. पासवर्डच्या हॅशसाठी तर मेमकंपही नको, ते पहिल्या फरकाशी थांबू शकतं आणि लागलेल्या वेळावरून समोरच्याला अंदाज येतो. क्रिप्टो लायब्ररींमध्ये ठरावीक वेळ घेणारी फंक्शन्स यासाठीच दिलेली असतात.

१४. भिया, क्यूसॉर्टला सरळ स्ट्रकंप दिलं तर चालेल का?

तुमच्याकडे काय आहे त्यावर. क्यूसॉर्ट तुलना करणाऱ्या फंक्शनला घटक देत नाही, घटकाचा अ‍ॅड्रेस देतो. दोन मितींचा अ‍ॅरे असेल, म्हणजे प्रत्येक नावाला समजा ५० घरं, तर घटकाचा अ‍ॅड्रेस म्हणजेच नावाच्या पहिल्या अक्षराचा अ‍ॅड्रेस, तिथे एक छोटं फंक्शन लिहून आत स्ट्रकंप केलं की झालं. पण पॉइंटरचा अ‍ॅरे असेल तर हातात येतो पॉइंटरचा पॉइंटर, तो आधी एकदा उलगडावा लागतो. न उलगडता स्ट्रकंपला दिला तर ते अ‍ॅड्रेसचे बाइटच अक्षरं समजून वाचतं, एरर येत नाही, यादी फक्त उलटसुलट लागते आणि दरवेळी वेगळी लागू शकते. यादी रन करताना क्रम बदलत असेल तर पहिला संशय इथेच घ्या. आणि स्ट्रकंपला कास्ट करून थेट देऊ नका, दोन ओळींचं स्वतःचं फंक्शन लिहा.

१५. "इंदूर" आणि "इंदौर" कंपेअर केलं तर आत नेमकं काय होतं? आणि लांबी मोजणारं स्ट्रलेन १५ का सांगतं?

हा प्रश्न मला फार आवडतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि चिन्ह म्हणजे अक्षर नाही: इ, अनुस्वार, द, दीर्घ उकार, र, अशी पाच चिन्हं, म्हणून १५ बाइट, आणि नल धरून अ‍ॅरे १६ चा. "इंदौर" पण १५ च. स्ट्रकंप निघतं, इ चे २२४, १६४, १३५ जुळले, अनुस्वार जुळला, द जुळला, नऊ बाइट झाले. मग ऊकार २२४, १६५, १३० आणि औकार २२४, १६५, १४०, म्हणजे अकरा बाइटपर्यंत दोघं बरोबर आणि बाराव्यात फरक. १३० लहान, म्हणून ऋण उत्तर, इंदूर आधी. स्टँडर्डप्रमाणे हे बाइट अनसाइन्ड धरूनच तुलना होते, म्हणून स्वतः लूप लिहिताना साधं कॅरेक्टर वापरलं तर मराठी आणि इंग्रजी नावांच्या मिसळीत क्रम उलटा येऊ शकतो.

दोन्ही एकच शहर आहे हे स्ट्रकंपला कळणार नाही, "सुदामानगर" आणि "सुदामा नगर" हेही त्याच्या लेखी वेगळे. त्यासाठी तुलनेच्या आधी एक ठरलेलं रूप करून घ्या, स्पेस काढा, पर्यायी नावांचा छोटा तक्ता ठेवा.

१६. गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी आडनावांप्रमाणे लावायची होती, काळे काशीकरांच्या आधी आले. आजोबा म्हणाले चुकलं.

आजोबा बरोबर आहेत. स्ट्रकंप युनिकोडमधल्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणारा तक्ता) क्रमानं लावतं आणि तिथे ळ ला ल च्या शेजारी बसवलंय, व, श, ष, स, ह च्या आधी, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. तसंच क्ष: स्ट्रकंपसाठी तो क, हलंत आणि ष, म्हणून क्षीरसागर हे केळकरांच्या नंतर आणि खऱ्यांच्या आधी, ज्यांना क्ष-ज्ञ शेवटी हवेत त्यांना हे चालणार नाही.

यावर स्ट्रकोल आहे, ते लोकेलचे, म्हणजे त्या-त्या भाषेचे आणि प्रदेशाचे, नियम बघतं. पण मेनच्या सुरुवातीला सेटलोकेल बोलावलं नाही तर ते हुबेहूब स्ट्रकंपसारखंच वागतं, आणि मराठीचं लोकेल मशीनवर नसेल तर सेटलोकेल नल देतं, ते तपासा. नियम सिस्टिमप्रमाणे बदलतात, म्हणून काळे, काशीकर, केळकर, क्षीरसागर, खरे एवढी पाच नावं आधी लावून बघा. यादी छोटीच असेल तर वर्णमालेचा स्वतःचा तक्ता करून तुलनेचं फंक्शन लिहिणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

१७. "कऱ्हाडे" शोधलं तर यादीतलं "कऱ्हाडे" सापडत नाही, स्पेलिंग अगदी तेच आहे!

दिसायला तेच, बाइट वेगळे. हा अर्धा र तीन प्रकारे टाइप होऊ शकतो: एक, युनिकोडमधला नुक्ता असलेला सबंध ऱ आणि हलंत, दोन, साधा र, वेगळा नुक्ता आणि हलंत, तीन, साधा र, हलंत आणि न दिसणारं झिरो विड्थ जॉइनर. पहिल्यात नाव २१ बाइटचं, बाकी दोन्हींत २४ चं, म्हणून स्ट्रलेन छापून बघितलं की भांडण लगेच उघडं पडतं, दुसरं आणि तिसरं वेगळं करायला मात्र बाइटच छापावे लागतात.

पहिला आणि दुसरा प्रकार युनिकोड नॉर्मलायझेशननी (एकच चिन्ह वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं असेल तर ते एका ठरलेल्या रूपात आणणं) एक होतात, सी च्या स्टँडर्ड लायब्ररीत ते नाही, आयसीयू लायब्ररीत आहे. तिसरा मात्र नॉर्मलायझेशननंतरही तसाच राहतो, कारण ते जॉइनर काढत नाही. तिथे र, हलंत, जॉइनर असा नऊ बाइटचा तुकडा स्ट्रस्ट्रनी शोधून त्या जागी ऱ आणि हलंतचे सहा बाइट टाकायचे, आणि हे शोधायच्या शब्दावर आणि यादीवर दोन्हीकडे करायचं. सगळे जॉइनर सरसकट उडवू नका, उडवले तर त्या कऱ्हाड्यांचं "कर्हाडे" होतं, रफार ह च्या डोक्यावर जातो आणि पावतीवर नाव चुकीचं छापलं जातं.